जाळीतला सॉलिटॉन आणि रंग बदलणारा प्रकाश: स्वतःच्या संगणकावर, पायरीपायरीने

सॉलिटॉन म्हणजे न पसरता आपला आकार टिकवून पुढे जाणारी प्रकाशशलाका. तो जाळीदार स्फटिकात कसा अडकतो आणि तिथे प्रकाशाचा रंग कसा बदलतो, याचं गणन पहिल्याच संध्याकाळी देखणं चित्र देतं. काळ्या पडद्यावर एक उजळ रेघ सरळ जाते, बाजूला लाटा उमटतात, आणि आपल्याला वाटतं की सॉलिटॉन सापडला. ते चित्र खरं आहे की आकडेमोडीतल्या चुकीने काढलेली रांगोळी आहे, हे मात्र चित्राकडे पाहून कळत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला एक असा आकडा दिला आहे जो कागदावर आधीच काढता येतो. तो जुळला तरच पुढे जायचं.

साहित्य थोडं आहे: साधा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि तिचं आकडेमोडीचं नमपाय (NumPy) हे साधन. फूरिए रूपांतर म्हणजेच एफएफटी, आणि थोडं कॅल्क्युलस ठाऊक असावं. प्रयोगशाळेकडे शेवटी वळू.

आधी दोन जाळ्या वेगळ्या करा

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ ‘जाळी’ या एका शब्दाने होतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींना तेच नाव आहे.

पहिली अपवर्तनांकाची जाळी. स्फटिकात शेजारीशेजारी वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश धरून नेणाऱ्या वाटा, कोरले की अपवर्तनांक आडव्या दिशेने कमीजास्त होतो. ही जाळी प्रकाशाचं पसरणं ठरवते. अशा रांगेत प्रकाश एका गाइडमधून दुसऱ्यात झिरपत जातो, आणि पुरेशी तीव्रता असेल तर झिरपणं थांबून तो एकाच गाइडभोवती अडकतो. क्रिस्टोडुलिडिस आणि जोसेफ यांनी १९८८ मध्ये या ‘खंडित सॉलिटॉन’चं भाकीत केलं. १९९८ मध्ये ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या गाइडरांगेत तो प्रत्यक्ष दिसला: शिखरशक्ती सुमारे ७० वॉट असताना प्रकाश रांगभर पसरलेला होता, ५०० वॉटला तो मधल्या काही गाइडमध्ये गोळा झाला.

दुसरी चिन्हांची जाळी. हिच्यात अपवर्तनांक जवळजवळ तोच राहतो, बदलतं ते स्फटिकाच्या अरेषीय गुणांकाचं (ज्याच्यामुळे रंग बदलतो त्या गुणांकाचं) चिन्ह: अधिक, उणे, अधिक, उणे. ती रंगबदलाची फेज सांभाळते. १९६१ मध्ये फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमध्ये सोडून ३४७ नॅनोमीटरचा अतिशय अंधुक ठिपका मिळवला. तो इतका अंधुक होता की छापताना डाग समजून पुसला गेला, असं सांगतात. अंधुक असण्याचं कारण म्हणजे दोन्ही रंग वेगवेगळ्या वेगाने जातात आणि त्यांची फेज लवकरच बिघडते. पुढच्याच वर्षी ब्लूमबर्गेन यांच्या गटाने सुचवलं, की फेज उलटी पडते तिथेच गुणांकाचं चिन्हही उलटं करा. लिथियम नायोबेट या स्फटिकात विद्युतक्षेत्राने डोमेन (एकच चिन्ह असलेले पट्टे) उलटे करून हे नेमकेपणाने साधायला १९९० चं दशक उजाडलं.

पहिली जाळी प्रकाश कुठे जाईल ते ठरवते, दुसरी त्याचा रंग बदलेल का ते. आपण दोन्ही वेगवेगळ्या उभ्या करून तपासू आणि मगच एकत्र आणू. वाटेत कळेल की पहिली जाळी दुसरीच्या कामात न विचारता लुडबुड करते. लेख लिहावासा वाटला तो त्या लुडबुडीसाठी.

एकक ठरवणं

मीटर आणि व्होल्टमध्ये गणन करू नका. आडव्या दिशेचं एकक १० मायक्रोमीटर धरा. तरंगलांबी १.०६४ मायक्रोमीटर आणि अपवर्तनांक २.२ असेल, तर पुढे जाण्याच्या दिशेचं स्वाभाविक एकक येतं: तरंगसंख्या गुणिले रुंदीचा वर्ग, म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर. यापुढे ‘झेड बरोबर १०’ म्हटलं की १३ मिलिमीटर समजा.

याच एककात जाळीची खोली १ असेल, तर अपवर्तनांकातला खरा फरक सुमारे ०.०००१३ असतो. आपण खोली ६ घेणार आहोत, म्हणजे फरक सुमारे ०.०००८. असे वेव्हगाइड खरोखर बनवता येतात. हा ताळा आधी करून ठेवावा. मी एकदा मोठ्या हौसेने खोली ४०० घेऊन सुंदर निकाल काढले होते. तेवढा फरक असणारा गाइड त्या स्फटिकात कोरण्याचा मार्गच नव्हता.

पायरी १: रिकामी जागा

मूळ समीकरण शब्दांत असं:

यूचा झेडनुसार बदल = आय × (अर्धा × यूचा एक्सनुसार दुसरा विकलज + जाळी × यू + यूच्या मापाचा वर्ग × यू)

यू म्हणजे प्रकाशक्षेत्राचं मोठेपण, एक्स आडवी दिशा, झेड पुढे जाण्याची, आणि आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. कंसातलं पहिलं पद विवर्तन, दुसरं अपवर्तनांकाची जाळी, तिसरं तीव्रतेनुसार बदलणारा अपवर्तनांक, म्हणजे कर (Kerr) परिणाम.

सोडवण्याची रीत ‘स्प्लिट-स्टेप’. अर्ध्या पायरीपुरतं फक्त विवर्तन: एफएफटी घ्या, प्रत्येक आडव्या तरंगसंख्येला तिचा फेज-गुणक लावा, परत या. मग पूर्ण पायरीपुरती जाळी आणि अरेषीयता: प्रत्येक बिंदूवर फेज फिरवा. पुन्हा अर्धी पायरी विवर्तन. सबंध इंजिन एवढंच, वीसेक ओळींचं.

खिडकी ८० एकक रुंद आणि बिंदू ५१२ घ्या. दोन बिंदूंतलं अंतर ०.१५६ येतं. पुढे जाण्याची पायरी मनाला येईल तेवढी घेता येत नाही. बिंदूंतल्या अंतराचा वर्ग दुप्पट करून पायने (π) भागा, म्हणजे ०.०१५५ मिळतात. पायरी याहून मोठी झाली की बारीक आडव्या तरंगांत खोटी वाढ सुरू होते आणि चित्रावर केसांसारखी नक्षी उगवते. ०.०१ घ्या, जाळी आल्यावर ०.००५.

आता जाळी आणि अरेषीयता दोन्ही बंद करून गॉसियन शलाका सोडा, जिची तीव्रता सुरुवातीला ई चा घातांक उणे एक्सवर्ग अशी आहे. झेड १ ला शिखरतीव्रता ०.७०७ हवी, १.७३२ ला ०.५ आणि ३ ला ०.३१६. चौथ्या दशांशापर्यंत जुळत नसेल, तर एफएफटीच्या तरंगसंख्यांचा क्रम चुकला आहे. दहापैकी नऊ वेळा तेच असतं.

एफएफटीला भिंत ठाऊक नसते. उजव्या कडेने बाहेर गेलेला प्रकाश डावीकडून आत येतो. दोन्ही कडांना पाच-सहा एकक रुंदीचा, हळूहळू गडद होत जाणारा शोषक पट्टा लावा. अचानक सुरू होणारा पट्टा आरशासारखा वागतो.

पायरी २: जाळीविना सॉलिटॉन

अरेषीयता चालू करा आणि सुरुवातीला यू = सेच एक्स (sech x) द्या. विवर्तन जेवढं पसरवतं तेवढंच कर परिणाम आवळतो. आकार ढळत नाही, पण फेज फिरते: दर एककाला अर्धा रेडियन. झेड १० ला मध्यबिंदूची फेज ५ रेडियन हवी. फक्त आकार पाहून समाधान मानू नका. फेज चुकली तर पुढे रंगबदलाच्या वेळी सगळंच चुकेल.

याहून कडक परीक्षा म्हणजे सुरुवातीला दुप्पट उंची देणं, २ सेच एक्स. हा द्विगुण सॉलिटॉन श्वास घेतो. झेड ०.७८५ ला, म्हणजे पायच्या चौथ्या भागाला, शिखरतीव्रता ४ वरून १६ होते, आणि १.५७१ ला ती पुन्हा ४ वर येते. पायरी निम्मी करून पाहा: शिखरातली चूक चौपट कमी झाली पाहिजे. दुपटीनेच कमी झाली, तर अर्ध्या पायरीची मांडणी कुठेतरी मोडली आहे.

दोन आडव्या मितींत शुद्ध कर माध्यमातली शलाका टिकत नाही. एका ठरावीक शक्तीच्या वर ती कोसळते, खाली पसरते. म्हणून इथे एकाच आडव्या मितीत राहू. दोन मितींतले जाळी-सॉलिटॉन २००३ मध्ये प्रकाशानेच रेखलेल्या जाळीत प्रयोगात दिसले, पण शिकण्यासाठी एक मिती पुरे.

पायरी ३: अपवर्तनांकाची जाळी

जाळी अशी घ्या: ६ × कोसाइनवर्ग (पाय × एक्स ÷ २). अंतर २ एकक, म्हणजे २० मायक्रोमीटर. खिडकीत बरोबर ४० गाइड बसतात, आणि ते पूर्णांकातच बसले पाहिजेत, नाहीतर कडेला अर्धवट गाइड राहून खोटं प्रतिबिंब येतं.

प्रकाश सोडण्याआधी बॅंड काढा, म्हणजे जाळीतून पसरू शकणाऱ्या लहरींचे पट्टे; मधल्या रिकाम्या जागा म्हणजे गॅप. ब्लॉख लहरीला, म्हणजे आवर्ती जाळीतल्या लहरीला, दहा-अकरा समतल लहरींत मांडलं की एक छोटी मॅट्रिक्स मिळते. तिच्या आयगेनकिंमती म्हणजे परवानगी असलेले प्रसार-स्थिरांक. या जाळीसाठी सर्वांत वरचा बॅंड सुमारे ३.४६ ते ३.८० एवढाच अरुंद येतो. त्याच्या खाली सुमारे ०.५३ पर्यंत मोकळी गॅप, आणि ३.८० च्या वर अमर्याद गॅप. आवळणारी अरेषीयता सॉलिटॉनला बॅंडच्या वर ढकलते, पसरवणारी त्याला बॅंडखालच्या गॅपमध्ये ओढते.

बॅंडची रुंदी ०.३४. तिचा चौथा भाग, ०.०८५, हा शेजारच्या गाइडांमधला जोड. या एका आकड्यावरून पुढचं भाकीत करता येतं. एकाच गाइडमध्ये प्रकाश सोडला की मधल्या गाइडची तीव्रता शून्य क्रमांकाच्या बेसेल फलाच्या वर्गाप्रमाणे कमी होते, आणि त्या फलाचं पहिलं शून्य २.४०५ ला आहे. २.४०५ भागिले दुप्पट जोड म्हणजे सुमारे १४. सुरुवातीला सुमारे ०.४५ रुंदीची (मोठेपण ई चा घातांक उणे एक्सवर्ग भागिले दुप्पट रुंदीवर्ग), अगदी क्षीण गॉसियन शलाका एका गाइडच्या मध्यावर सोडा. झेड १४ च्या आसपास, म्हणजे खऱ्या स्फटिकात १८ मिलिमीटरच्या सुमारास, मधला गाइड जवळजवळ विझतो आणि उजेड दोन्ही बाजूंना पंखासारखा उघडतो. गॉसियन हा गाइडचा नेमका मोड (त्यातून न बदलता जाणारा आकार) नसल्याने थोडा प्रकाश सुरुवातीलाच निसटेल. तो हिशेबात धरू नका.

साध्या काचेतलं पसरणं मध्ये दाट आणि कडेला विरळ असतं. जाळीतलं नेमकं उलटं, कडेला दाट. हा फरक स्वतःच्या पडद्यावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, अगदी घाई असली तरी.

पायरी ४: जाळीत अडकलेला सॉलिटॉन

सोपी रीत ‘काल्पनिक अंतरा’ची. झेडच्या जागी उणे आय गुणिले झेड घाला, प्रत्येक पायरीनंतर एकूण शक्ती ठरवलेल्या किमतीला परत आणा. सर्वांत वरच्या प्रसार-स्थिरांकाचा आकार वाढत जातो, बाकीचे मरतात. शक्ती १ ठेवून करा. प्रसार-स्थिरांक साडेचारच्या जरा वर स्थिरावला पाहिजे, म्हणजे बॅंडच्या बराच बाहेर, आणि जवळजवळ सगळा प्रकाश एका गाइडमध्ये. शक्ती कमी करत नेली की स्थिरांक ३.८० कडे सरकतो आणि सॉलिटॉन रुंद होतो. मिळालेला आकार समीकरणात परत घालून उरलेली चूक मोजा. ती दहा कोटींत एकच्या खाली जाईपर्यंत थांबायचं नाही.

या रीतीला मर्यादा आहे. गॅपमधले सॉलिटॉन तिने मिळत नाहीत, कारण ती नेहमी वरच पळते. त्यांच्यासाठी न्यूटनची रीत लागते, आणि न्यूटनला सुरुवातीचा चांगला अंदाज द्यावा लागतो: शेजारच्या गाइडांत आळीपाळीने उलटं चिन्ह असलेला गुच्छ.

आता स्थैर्य. सॉलिटॉन दोन ठिकाणी बसतो: गाइडच्या मध्यावर, किंवा दोन गाइडांच्या मधोमध, समान शिखरं घेऊन. दोन्ही समीकरणाची प्रामाणिक उत्तरं आहेत. दोन्हींमध्ये एक टक्का गोंगाट मिसळा आणि झेड १०० पर्यंत चालवा. पहिला थोडा थरथरून बसून राहतो. दुसरा काही वेळ शहाण्यासारखा वागतो आणि मग कुठल्यातरी एका बाजूला कलंडतो. मोजमाप हवं असेल तर वाखितोव्ह–कोलोकोलोव्ह कसोटी आहे: प्रसार-स्थिरांक वाढवताना शक्तीही वाढली पाहिजे. पण ती आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. दोन गाइडांमधला सॉलिटॉन ती पास करूनही पडतो, म्हणून गोंगाटाची चाचणी टाळता येत नाही.

पायरी ५: दोन रंग, जाळीविना

आता कर पद काढून टाका. दोन क्षेत्रं घ्या: यू मूळ रंगाचं, व्ही दुप्पट वारंवारतेचं.

यूचा बदल = आय × (अर्धा × यूचा दुसरा विकलज + जाळी × यू + यूचा संयुग्मी × व्ही)

व्हीचा बदल = आय × (पाव × व्हीचा दुसरा विकलज + दुप्पट जाळी × व्ही − डेल्टा × व्ही + यूचा वर्ग)

डेल्टा म्हणजे दोन रंगांमधली फेजची तफावत. ‘पाव’ आणि ‘दुप्पट’ हे शब्द पुन्हा वाचा. दुप्पट वारंवारतेचा प्रकाश अर्धाच पसरतो, म्हणून अर्ध्याचा पाव. अपवर्तनांकातला तोच फरक त्याला दुप्पट फेज देतो, म्हणून जाळी दुप्पट. माझे दोन आठवडे या दुपटीने खाल्ले. मी दोन्ही रंगांना एकच जाळी दिली होती, चित्रं सुरेख येत होती, आणि निकाल साफ खोटे होते.

दुसरा सापळा अरेषीय पायरीत आहे. कर परिणामात प्रत्येक बिंदूवर फक्त फेज फिरते, म्हणून एका गुणकात काम होतं. इथे दोन रंगांत ऊर्जेची देवाणघेवाण होते, म्हणून प्रत्येक बिंदूवर ही जोडी चौथ्या क्रमाच्या रुंगे–कुट्टा रीतीने सोडवा.

पहिली चाचणी: विवर्तन बंद, डेल्टा शून्य, यू सुरुवातीला १. रूपांतराचं प्रमाण टॅन्‌एच वर्गाप्रमाणे चढतं: झेड १ ला ५८.० टक्के, २ ला ९२.९ टक्के. दोन्ही रंगांची एकूण शक्ती शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे.

दुसरी चाचणी माझ्या फार आवडीची आहे. विवर्तन चालू करून डेल्टा उणे ३ ठेवा, जाळी नको. सुरुवातीला यू = २.१२१ × सेचवर्ग एक्स (नेमकं हवं असेल तर ३ भागिले २ चं वर्गमूळ), व्ही = ३ × सेचवर्ग एक्स. हे अचूक उत्तर आहे. कारम्झिन आणि सुखोरुकोव्ह यांनी १९७४ मध्ये या जातीचं उत्तर दिलं. आकार हलता कामा नये. यूची फेज दर एककाला २ रेडियन फिरते आणि व्हीची ४. यूची शक्ती ६, व्हीची १२, एकूण १८. हाताने समीकरणात घालून पाहा, पाच मिनिटांत पटेल.

मोठ्या धन डेल्टाला व्ही हा यूच्या वर्गाचा डेल्टाने भागलेला सावट बनून राहतो, आणि यूचं समीकरण पुन्हा कर माध्यमासारखं होतं. डेल्टा ३० घेऊन यू = ३० च्या वर्गमुळाइतक्या उंचीचा सेच आणि व्ही = सेचवर्ग सोडा. पायरी २ मधला सॉलिटॉन जवळजवळ तसाच परत दिसेल, यावेळी माध्यमात कर परिणाम नसताना. दुसऱ्या क्रमाची अरेषीयता शलाका अशी आवळते. १९९५ मध्ये केटीपी (KTP) या रंगबदलाच्या स्फटिकात असे सॉलिटॉन दिसले, तेही दोन आडव्या मितींत आणि न कोसळता.

पायरी ६: चिन्हांची जाळी

पुन्हा विवर्तन आणि अपवर्तनांकाची जाळी बंद. डेल्टा २० आणि यूची सुरुवात ०.१. साध्या स्फटिकात रूपांतर ०.०१ टक्क्यापर्यंत चढतं आणि परत शून्यावर येतं, पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. आता अरेषीय पदांना अधिक-उणे चिन्ह लावा, ज्याचा आवर्त दुप्पट पाय भागिले २०, म्हणजे ०.३१४. दहा आवर्तांनंतर रूपांतर ३.९ टक्के हवं, सुमारे ३९० पट जास्त. हा आकडा कसा आला? चौकोनी चिन्हजाळीचा परिणामी गुणांक मूळच्या दुप्पट भागिले पाय, म्हणजे ०.६३७, तो गुणिले ०.१ गुणिले अंतर ३.१४ बरोबर ०.२, आणि ०.२ च्या टॅन्‌एचचा वर्ग ०.०३९.

डोमेनची भिंत नेहमी पायरीच्या सीमेवरच पडली पाहिजे. आवर्ताचे बरोबर ६४ भाग करून पायरी तेवढी घ्या. भिंत पायरीच्या पोटात पडली तर प्रत्येक आवर्तात किंचित फेजचूक साठते, आणि हजार आवर्तांनी ती स्फटिकातल्या खऱ्या दोषासारखी दिसू लागते.

खऱ्या लिथियम नायोबेटमध्ये १०६४ नॅनोमीटरचं ५३२ करायला आवर्त ७ मायक्रोमीटरच्या जरा खाली लागतो. आपल्या एका एककात असे १९० आवर्त बसतात, आणि प्रत्येकाचे ६४ भाग करत बसणं लॅपटॉपला झेपलं तरी तुम्हाला झेपणार नाही. म्हणून डेल्टा २० वर सविस्तर गणन आणि सरासरी गणन (गुणांकाला ०.६३७ ने गुणून, डेल्टाच्या जागी उरलेली तफावत घालून) एकमेकांशी ताडून पाहा. जुळली की पुढे सरासरी समीकरणच वापरा. तीव्रता फार मोठी असेल तर सरासरी घेताना कर परिणामासारखी छोटी पदंही उगवतात. पहिल्या फेरीत ती सोडून द्यायला हरकत नाही.

पायरी ७: दोन्ही जाळ्या एकत्र

लुडबुड इथे उघडी पडते. वरच्या समीकरणात जाळीची खोली ६ ठेवा. मूळ रंगाच्या बॅंडचा मध्य ३.६३, त्याची दुप्पट ७.२६. दुप्पट वारंवारतेच्या रंगाचा बॅंड वेगळा काढा, पाव विवर्तन आणि १२ खोली घेऊन. तो ९.४४ च्या आसपास येतो. म्हणजे डेल्टा शून्य ठेवला तरी दोन रंगांत २.२ ची तफावत आहे. ही तफावत गाइडांनी आणली; छोट्या तरंगलांबीचा प्रकाश गाइडमध्ये जास्त घट्ट बसतो.

२.२ लहान वाटतो ना? खऱ्या एककात तो दर मिलिमीटरला १.७ रेडियन होतो. १० मिलिमीटरच्या स्फटिकाची फेज जुळवणीची पूर्ण रुंदी दर मिलिमीटरला ०.५६ रेडियन असते. म्हणजे मोकळ्या स्फटिकासाठी मोजलेला चिन्हांचा आवर्त गाइडरांगेत वापरला, तर जुळवणीचं शिखर तीन रुंद्यांनी हुकतं. आवर्तात दुरुस्ती हवी ती अवघी हजारात दोनची. पण ती केली नाही तर प्रकाश हिरवा होत नाही आणि दोष लेझरला दिला जातो.

दुसरी गोष्ट त्याच गणनातून निघते. हिरव्या रंगाचा शेजारी गाइडांशी जोड मूळ रंगाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकाच उरतो. तो जिथे जन्मला तिथेच राहतो. मूळ रंग पसरत असेल तर हिरवा रंग त्याच्या पावलांचे ठसे ठेवत जातो, स्वतः चालत नाही. लिथियम नायोबेटच्या गाइडरांगेत असे दोन रंगांचे खंडित सॉलिटॉन २००४ मध्ये प्रयोगात मिळाले.

आता डेल्टा २.२ च्या वर ८–१० पासून खाली आणत प्रत्येक किमतीला सॉलिटॉन शोधा. न्यूटनची रीत वापरा आणि आधीच्या डेल्टाचं उत्तर पुढच्याला अंदाज म्हणून द्या. वर असताना सॉलिटॉन जवळजवळ सगळा मूळ रंगाचा असतो. खाली उतरताना हिरव्याचा वाटा वाढत जातो.

आणि एक गोष्ट जी मला उशिरा कळली: स्थिर सॉलिटॉन रंग बदलत नाही. त्याच्यात दोन्ही रंगांचं प्रमाण कायमचं बांधलेलं असतं, म्हणूनच तो सॉलिटॉन. नुसता मूळ रंग आत सोडला तर रूपांतर होतं ते सॉलिटॉन घडत असताना. नंतर दोन रंगांत थोडी आंदोलनं चालतात आणि प्रमाण ठरून जातं. म्हणजे ‘उत्तम सॉलिटॉन’ आणि ‘उत्तम रूपांतर’ ही एकाच डेल्टाला मागायची गोष्ट नाही. दोन्ही हवं असेल तर चिन्हांच्या जाळीचा आवर्त स्फटिकाच्या लांबीभर हळूहळू बदला. सुरुवातीला डेल्टा वर ठेवा, तिथे सॉलिटॉन सहज बसतो. मग तो खाली आणत न्या, हिरव्याचा वाटा आपोआप वाढतो आणि शलाका आवळलेलीच राहते. बदल किती हळू? दोन रंगांच्या एका आंदोलनात डेल्टा फारसा सरकू नये इतका. घाई केली की सॉलिटॉन मागे पडतो आणि प्रकाश गाइडरांगेत सांडतो. पडद्यावर ते लगेच दिसतं.

पायरी ८: प्रयोगशाळेकडे

निकाल कुणाला दाखवण्याआधी चार गोष्टी करा. पायरी निम्मी करा, बिंदू दुप्पट करा. निकाल हलू नये. शक्ती दहाव्या भागावर आणा. सॉलिटॉन असेल तर तो पसरलाच पाहिजे. नाही पसरला तर ते नुसतं वेव्हगाइड आहे. सुरुवातीची शलाका अर्ध्या गाइडने सरकवा. आणि गोंगाट मिसळा.

स्फटिक निवडताना मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेला लिथियम नायोबेट घ्या, किंवा साधा असेल तर तो तापवून वापरा. नाहीतर हिरव्या प्रकाशाने अपवर्तनांक स्वतःच बदलू लागतो आणि कोरलेली जाळी तुमची राहत नाही. साध्या लिथियम नायोबेटचे डोमेन उलटे करायला दर मिलिमीटरला सुमारे २१ किलोव्होल्ट लागतात. अर्धा मिलिमीटर जाड चकतीला दहा किलोव्होल्टच्या वर. हे तयार करून घेण्याचं काम आहे, टेबलावर जमवण्याचं नाही. फक्त जाळी-सॉलिटॉन पाहायचा असेल, रंगबदल नको असेल, तर एसबीएन (SBN, स्ट्रॉन्शियम बेरियम नायोबेट) स्फटिक बरा. त्यात एका ध्रुवणाच्या प्रकाशाने जाळी रेखता येते, दुसऱ्या ध्रुवणाची शलाका तिच्यात अडकवता येते, आणि फार कमी शक्ती पुरते. मात्र तो सावकाश प्रतिसाद देतो, तेव्हा धीर धरावा लागतो.

आणि कॅमेरा. सिलिकॉनच्या कॅमेऱ्याला १०६४ नॅनोमीटर जेमतेम दिसतो, ५३२ झगझगीत. फिल्टर न लावता स्फटिकाच्या तोंडाचा फोटो काढला तर दिसतो तो मुख्यतः हिरवा रंग, आणि तो मूळ रंगाच्या वर्गाप्रमाणे जन्मत असल्याने एरवीही १.४१ पट अरुंद असतो. गाइडरांगेत तर तो जागचा हलतही नाही. मूळ रंग रांगभर पसरलेला असताना पडद्यावर नीटस, आवळलेला ठिपका दिसू शकतो. म्हणून प्रत्येक शक्तीला दोन फोटो घ्या, एक हिरवा अडवणाऱ्या फिल्टरमधून आणि एक मूळ रंग अडवणाऱ्या, आणि रुंदी मोजायची ती पहिल्यावरून.